ओले पाय

आमच्या घराच्या जमिनीवर आमचा हक्क नव्हता. घर म्हणजे हुपरीतली एक खोली. तिच्या अर्ध्या भागात चूल, भांडी आणि अंथरुणं, उरलेल्या अर्ध्यात पैंजणाचं काम. चांदी मालकाची. त्याचा माणूस वजन करून तार आणून टाकायचा, आई तिच्या कड्या करून एकात एक गुंतवायची आणि कानशीनं घासायची. घासताना चांदीचा कीस उडायचा, आणि तो जिथं पडेल ती जागाही जणू मालकाचीच. खोली झाडली तर केर बाहेर टाकायचा नाही, डब्यात साठवायचा. लुगड्याचा काठ झटकायचा तोही त्या डब्यावर. कामावरून उठलं की घमेल्यात पाय धुवायचे आणि ते पाणी ओतायचं नाही. दोन दिवसांनी खाली गाळ बसला की मालकाचा माणूस तो गाळ घेऊन जायचा.

वडील मी सातवीत असताना गेले. मला भावंड नाही. त्यानंतर आई सकाळी बसायची ती दिवस मावळेपर्यंत, एक पाय मुडपून, एक गुडघा वर करून. एकदा मालकाची बायको काम बघायला आली होती. दारात उभी राहून, चार बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली, की बायकांच्या तळव्याला चिकटून किती चांदी घराबाहेर जाते याचा हिशोब कोण ठेवणार. आईनं वर बघितलं नाही. पण त्या दिवसापासून ती दूध उतू जातंय म्हणून उठली तरी आधी पाय धुवायची. दूध जायचं. मी शाळेला निघताना मलाही धुवायला लावायची. वर्गात माझे पाय ओले असायचे, मुली हसायच्या.

अशा घरातून मी बी.कॉम. झाले. हुपरीहून रोज एस.टी.नं कोल्हापूरला जाऊन-येऊन झाले. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात, बाई सोडा, पुरुषसुद्धा तोवर कॉलेजात गेलेला नव्हता. हे मी मिरवून सांगते. मिरवायला माझ्याकडं दुसरं फारसं नाही. नोकरी लागली, एका कचेरीत कारकून. लग्न झालं, आणि नव्वदचं दशक संपता संपता आम्ही कळंब्याला तीन खोल्यांचं घर बांधलं. नवरा म्हणाला, खाली साधी फरशी घालूया. मी ऐकलं नाही. गुळगुळीत, पांढरी, तोंड दिसेल अशी फरशी मी स्वतः निवडली. वास्तुशांतीला आलेल्या बायका चपला काढून आत आल्या की आधी खाली बघायच्या, मग माझ्याकडं. ते मला फार आवडायचं.

तोवर आईची नजर कमी झाली होती. कडीत कडी घालताना दिसेना. पुष्कळसं काम मशिनवरही गेलं होतं. मी तिला आमच्याकडं आणायचं ठरवलं. ती तयार होईना. लेकीच्या घरी आठ दिवसांवर राहिलेली बाई तिनं आमच्या भावकीत पाहिली नव्हती. शेवटी आली ती अट घालून. पिशवी दारातच ठेवून म्हणाली, “माझं हातपाय चालत्यात तवर ऱ्हाईन. अंथरुणाला खिळायची येळ आली की मला हुपरीत नेऊन टाकायचं. पावण्यांच्या घरात माझं हागणं-मुतणं काढलेलं मला चालायचं न्हाय.”

पावणं म्हणजे माझा नवरा. जावई असल्यामुळं ती त्याला नावानं हाक मारणं शक्यच नव्हतं. तो तिला मामी म्हणायचा. मी म्हटलं, बरं. हुपरीच्या खोलीत आता दुसरं भाडेकरू कुटुंब होतं हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तिला नेऊन टाकायला जागाच नव्हती. पण अट अट होती. पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यावर एकच ओझं राहिलं, ही बाई पडता कामा नये.

ती पहिल्या वर्षातच पडली.

रविवार होता. ती मागच्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. नवऱ्याची स्कूटर वाजली तशी ती उठली, कारण जावई घरात आला की बसून राहायचं नाही, डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं, हा तिचा नियम. मी भाजी फोडणीला टाकत होते. मागं धप्प असा आवाज आला. मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, रक्तदाब तपासला आणि म्हणाले की या वयात एकदम उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते, सावकाश उठायला सांगा. मला कारण सापडलं. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, येताना कोपऱ्यावरच हॉर्न वाजवत जा, म्हणजे तिला सावकाश उठता येईल. तो बिचारा दीड वर्ष हॉर्न वाजवत आला. वर आत पाऊल टाकायच्या आधी ओरडायचा, “मामी, उठू नका, मी काय आमदार हाय व्हय?” शेजारी हसायचे. आई पदराआडून हसायची आणि उभीच असायची.

पुढच्या वेळी ती कधी पडली ते मला कळलंच नाही. अंघोळीनंतर तिची पाठ पुसताना कमरेपाशी हिरवंनिळं दिसलं. विचारलं तर म्हणाली, “पडले न्हाय गं. बसले.”

“बसल्यावर असं होतंय?”

“जोरात बसले.”

मी कचेरीतून दुपारी फोन करू लागले. ती फोन उचलायला धावेल या भीतीनं पुन्हा फोन बंद केला. मग जेवणाच्या सुट्टीत बसनं घरी यायचं, ती उभी आहे की नाही बघायचं, चार घास गिळायचे आणि परत जायचं, असं सुरू केलं. साहेब आधी काही बोलला नाही, मग बोलला. त्या काळातलं मला दुसरं काही आठवत नाही. गर्दीतल्या बसची दांडी आठवते, आणि कुलूप उघडताना आत हालचाल ऐकू येते का म्हणून धरलेला श्वास.

तिसऱ्या वेळी ती एकटी असतानाच पडली. नवरा गावाला गेला होता, हॉर्नचा प्रश्न नव्हता. मी दुपारी घरी आले तर ती स्वयंपाकघराच्या मधोमध कुशीवर पडलेली, शुद्धीवर, डोक्याखाली स्वतःच पायपुसणं ओढून घेतलेलं. मला बघून म्हणाली, “भात उतरीव आदी.” हाड मोडलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, खुब्याला मुका मार आहे, आठवडाभर आराम करा, मग हळूहळू चालवा.

इथं मी शिकलेली असून चुकले. आठवडाभर म्हटलं होतं त्याचे मी तीन महिने केले. खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, भांड्याला हात लावायचा नाही, मागच्या दाराकडं जायचं नाही. पाणीसुद्धा हातात. संडासाला जाताना मी धरून नेणार, मी नसेन तेव्हा शेजारच्या काकू. एक दिवस ती चुलीशी आलेली दिसली. मी दिवसभराची थकलेली होते. म्हणाले, “तुला एका जागी बसता येत नाही का? सगळा जन्म बसूनच काढलास की. आता बस म्हटल्यावर बसवत नाही. मला जगू दे जरा.”

ती कॉटवर जाऊन बसली, आणि मग खरंच बसली. तिन्ही महिने.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी मी तिला लुगडं नेसवत होते तेव्हा पिंडऱ्या बघितल्या. मांस उतरून गेलं होतं, नुसती कातडी हलत होती. कॉटवरून उठायला तिला माझे दोन्ही हात लागत होते. डॉक्टरांना दाखवलं तर ते माझ्यावर चिडले. तुम्ही शिकलेल्या दिसता, आठवडा म्हणजे आठवडा हे कळत नाही का? बसवून ठेवलेलं माणूस आणखी लवकर पडतं, म्हणाले. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली आणि व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंकडं पाठवलं. घरी परतताना रिक्षात आई म्हणाली, “हुपरीला कवा जायचं?” तिनं तिची पिशवी आधीच भरून कॉटखाली सरकवली होती, हे मला त्या संध्याकाळी दिसलं.

व्यायामाच्या बाई गारगोटीकडच्या. वय माझ्याएवढंच, आवाज शेतात हाक मारणाऱ्या बाईचा. त्या दवाखान्यात तपासणार नाही म्हणाल्या, घरी येऊन बघणार. आल्या, चहा नको म्हणाल्या आणि कॉटसमोर स्टूल ओढून बसल्या. मी माझी वही पुढं केली. तीत मी सगळं लिहून ठेवलं होतं. रक्तदाब, साखर, चष्म्याचा नंबर, गोळ्यांच्या वेळा, कधी पडली, कुठल्या कुशीवर. बाईंनी वही चाळली आणि बाजूला ठेवली.

“मावशी, पडायच्या आदी दिवसभर काय काय करत होतासा? तोंडानं सांगू नका, करून दाखवा.”

“हिला चालंल का?” आईनं माझ्याकडं बोट केलं.

“हिला मी बघते की.”

आईला तीन महिन्यांनी मोकळीक मिळाली होती. बाईंनी हात दिला, ती उठली, भिंतीला धरत मागच्या पायरीपर्यंत गेली, बसली. समोर मेथी नव्हतीच, पण तिनं दोन काड्या निवडल्यासारखं केलं. मग चौकटीला धरून उठली, बाजूच्या नळाखाली आधी डावा पाय धरला, मग उजवा, आणि वळून ओल्या पायांनीच स्वयंपाकघरात यायला निघाली. बाईंनी पुढं होऊन तिला दंडाला धरलं. माझ्या पांढऱ्या फरशीवर पाण्याची दोन पावलं उमटली होती, चकचकीत.

“पाय का धुतलासा?”

“उठल्याव धुवायचं.”

“का पर? मातीत कुठं गेलतासा? पायरीवर तर बसलासा.”

आई गोंधळली. एवढं सोपं कुणी विचारेल असं तिला वाटलं नव्हतं. “चांदी लागती न्हवं,” ती म्हणाली.

“हितं कुठली चांदी?”

“हितं न्हाय. हितं कुठली असंल.” तिनं स्वतःच्या पायांकडं बघितलं. “पर उठलं की धुवायचं.”

मी भिंतीला टेकून उभी होते. हे मी रोज बघत होते. आई अडीच वर्षं आमच्याकडं होती, दिवसातून दहा-बारा वेळा उठत होती, दर वेळी पाय धुवून माझ्या आरशासारख्या फरशीवर पाऊल टाकत होती, आणि माझ्या वहीत ते नव्हतं. कारण मला त्यात लिहिण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. मी वाढलेच त्यात. दुसऱ्या कुणाच्या घरात वाढलेली सून असती तर तिला पहिल्या दिवशी खटकलं असतं, भांडली असती तीन दिवस, आणि आई कदाचित कधीच पडली नसती. नवऱ्याच्या हॉर्ननं तर उलट झालं होतं. कोपऱ्यावर हॉर्न वाजला की आईला उठून पाय धुवायला पुरेसा वेळ मिळायचा.

मी तिथल्या तिथं म्हणाले, आजपासून पाय धुणं बंद. बाईंनी मला गप्प केलं. बाहेर गेल्यावर म्हणाल्या की उभ्या जन्माची सवय तुमच्या हुकमानं जाणार नाही, तुमची पाठ वळली की धुतीलच, आणि मग चोरून घाईनं धुतील. सवय राहू दे, फरशी बदला.

“सगळी?”

“चालत्यात तेवढी.”

आई सगळीकडं चालायची.

त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं तो म्हणेल, मी म्हणतच होतो. तो तसं काही म्हणाला नाही. म्हणाला, घाल मग साधी. त्याच्या न बोलण्याचाही मला राग आला. आठ दिवस मी दुसरे उपाय शोधले. चटया टाकल्या, त्याच घसरायला लागल्या. रबरी तळव्यांच्या चपला आणल्या, तर घरात, चुलीशी, देवापुढं चप्पल घालणार नाही म्हणून तिनं त्या पिशवीत घालून ठेवल्या. मोजे आणले, ते तिनं ओले केले. शेवटी गवंडी बोलावला.

त्यानं छिन्नी लावायच्या आधी मला पुन्हा विचारलं. “ताई, लोकं शहाबादी काढून ही घालत्यात. तुम्ही ही काढून शहाबादी घालताय. काय वास्तूचं हाय का?”

“नाही. आईचं आहे.”

“मग हाना म्हणता?”

“हाणा.”

स्वयंपाकघर, मधली खोली आणि न्हाणी. चार दिवस घरभर धूळ होती आणि मी रजा टाकून त्या आवाजात बसले होते. वास्तुशांतीला आलेल्या बायकांमधल्या दोघी बघायला आल्या, हळहळल्या. मी काहीच समजावून सांगितलं नाही. अंगात बळ नव्हतं. बिनपॉलिशची करडी शहाबादी बसली आणि घर एकदम जुनं दिसायला लागलं. पुढची बैठकीची खोली मात्र मी तशीच ठेवली. तेवढा हट्ट माझाही राहिला. तिथं आईनं ओल्या पायांनी यायचं नाही असं ठरलं, आणि मधल्या दारात एक जाड गोणपाट अंथरलं. ती त्यावर पाय पुसू लागली. न्हाणीत नवऱ्यानं नळाचा जाड पाईप भिंतीत गाडून धरायला दांडा केला. आईनं तो बघितला आणि विचारलं, हितं म्हस बांधणार हाय का? पण दुसऱ्या दिवसापासून धरू लागली.

खरं कष्टाचं काम पुढं होतं. बाईंनी सांगितलेला व्यायाम दिसायला पोरखेळ. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं, परत बसायचं. ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं, मनात दहा मोजायचे, मग दुसऱ्या. टाचा उचलायच्या. भिंतीकडेनं एका पावलापुढं दुसरं लावून चालायचं. सकाळी आणि संध्याकाळी, रोज. पहिल्या दिवशी दोनदा उठताना तिला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “शाळेत मास्तर चोराला उठाबशा काढाय लावायचं. मी कुणाचं काय चोरलंय?”

ती हे हसून म्हणाली. मला हसू आलं नाही, मला दारातली ती मालकीण आठवली. मी म्हटलं, “कुणाचं काही नाही चोरलंस. उठ.”

“तू बी काढ की माझ्याबरोबर.”

मग मीही तिच्याबरोबर करू लागले. सकाळी सव्वासहाला, डबा करायच्या आधी, दोघी दोन खुर्च्या समोरासमोर मांडून. नवरा दात घासत येऊन बघायचा आणि म्हणायचा, “मामी, पुढच्या कुस्तीच्या मैदानाला नाव देऊया का?” ती पदर घ्यायला हात उचलायची तर मी ओरडायचे, हात वापरायचे नाहीत. कधी तिचं अंग दुखायचं, कधी माझं. पुष्कळ दिवस असे गेले की मला अजिबात करायचं नसायचं, झोप पुरी झालेली नसायची, आणि ती आपली खुर्ची ओढून बसलेली असायची. काही दिवस उलट. मी चिडून तिला उठवायचे, ती चिडून उठायची. यात प्रेम वगैरे होतं का मला माहीत नाही. तेव्हा ते काम होतं, कचेरीतल्यासारखंच, न चुकवता करायचं.

दोन महिन्यांनी ती हात न लावता दहा वेळा उठली. बाईंनी रक्तदाबाची एक गोळी डॉक्टरांना विचारून सकाळऐवजी रात्री करून घेतली. चष्मा बदलला. शेवग्याची भाजी, नाचणीची आंबील आणि सकाळचं ऊन हे तिचं तिनंच सुरू केलं. माझं दुपारचं बसनं घरी येणं थांबलं. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीतच डबा उघडला आणि अर्धा घास तोंडात धरून घड्याळाकडं बघत राहिले. दुपारभर एकही आकडा धड मांडता आला नाही. संध्याकाळी कुलूप उघडलं तर ती ओट्यापाशी लसूण सोलत उभी होती.

“बसून सोलायचा,” मी म्हटलं.

“बसले की उठायला लागतंय. उठले की पाय धुवाय लागत्यात,” ती म्हणाली. “हुबंच बरं हाय.”

त्या दिवाळीच्या साफसफाईत मी तिच्या कॉटखाली केरसुणी घातली तेव्हा पिशवी तिथं नव्हती. तिची लुगडी कपाटात, माझ्या साड्यांशेजारी घडी करून लावलेली होती.

पुढं तिच्या गुडघ्यांनी त्रास दिला, एका डोळ्यात मोतीबिंदू झाला, शेवटी हृदयानं दगा दिला. म्हातारपण काही आम्ही थांबवलं नाही, आणि मीही त्या वर्षांत बरीच झिजले. पण व्यायाम सुरू झाल्यापासून आई आमच्या घरात साडेसहा वर्षं राहिली, आणि त्या साडेसहा वर्षांत ती एकदाही पडली नाही. गेली त्या दिवशीही सकाळी न्हाणीपर्यंत आपल्या पायांनी चालत गेली होती.